जीएसटी उतरला म्हणून वर्कशॉपला मोठा टीव्ही लावताय? आधी हे वाचा

घरात ज्याला फोनमधलं कळतं, त्यालाच सगळं विचारलं जातं. "अरे, वर्कशॉपमध्ये एक मोठा स्क्रीन लावायचाय. ऑनलाइन बघ की जरा, काय मिळतं ते." कधी काका विचारतात, कधी आपण जिथे अप्रेंटिस आहोत तिथले साहेब विचारतात, तर कधी धंदा घरचाच असतो. मग आपण काय करतो? शॉपिंग ॲप उघडतो, '५५ इंच' टाकतो, ४के वर टिक करतो, किंमत कमीकडून जास्तीकडे लावतो आणि चांगले रेटिंग बघून लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून देतो.

जीएसटी कमी झाल्यापासून हा प्रश्न जास्तच ऐकू येतोय. मोठे स्क्रीन स्वस्त झाले, त्यामुळे उत्पादनाचे आकडे दाखवायला, मशीनजवळ ड्रॉइंग दाखवायला किंवा गेटवर वजन दाखवायला सरळ टीव्हीच लावू, असा विचार अनेक लहान उद्योजक करतायत. विचार चुकीचा नाही. पण दिवाणखान्यासाठी बनवलेला स्क्रीन प्रेस मशीनच्या शेजारी टांगला, की त्याचं काय होतं हे आधी माहीत असलेलं बरं. तो बंद पडतो तेव्हा फक्त स्क्रीन बंद पडत नाही, त्याच्यासमोरचं कामही थांबतं.

आधी कराचं गणित: खरंच किती वाचतं?

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांच्या टप्प्यातून काढून १८ टक्क्यांत आणले. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे लागू झालं. ३२ इंच आणि त्याखालचे स्क्रीन १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत होते. म्हणजे मशीनच्या पॅनेलवर बसणाऱ्या १० किंवा १५ इंची मॉनिटरच्या करात या निर्णयाने काहीच बदललेलं नाही.

आता मोठ्या स्क्रीनचं बघू. समजा, एका स्क्रीनची कर सोडून किंमत ४०,००० रुपये आहे. २८ टक्क्यांनी बिल व्हायचं ५१,२००. १८ टक्क्यांनी होतं ४७,२००. घरी टीव्ही घेणाऱ्याचे ४,००० रुपये सरळ वाचले.

पण जीएसटीत नियमित नोंदणी असलेला उद्योग धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरचा कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत वळता करून घेतो. त्याला तो स्क्रीन आधीही शेवटी ४०,००० लाच पडत होता आणि आजही ४०,००० लाच पडतो. फरक एवढाच, की सुरुवातीला खिशातून जाणारी आणि क्रेडिट वापरेपर्यंत अडकून राहणारी रक्कम कमी झाली. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला आणि नोंदणी नसलेल्या छोट्या व्यावसायिकाला हे क्रेडिट मिळत नाही. त्यांचा मात्र खरा फायदा झाला.

त्यामुळे काकांना पहिला प्रश्न विचारा: "तुम्हाला क्रेडिट मिळतं का?" मिळत असेल तर 'कर कमी झाला' हे घाईने खरेदी करण्याचं कारण होऊ शकत नाही.

दुसरी एक गोष्ट याच वर्षातली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात इंटरॅक्टिव्ह फ्लॅट पॅनेलवरची, म्हणजे शाळेत आणि मीटिंग रूममध्ये दिसणाऱ्या तयार टच बोर्डवरची, आयात ड्युटी १० टक्क्यांवरून २० टक्के झाली आणि आतल्या ओपन सेलवरची ड्युटी ५ टक्क्यांवर आणली गेली. इथे जोडणी व्हावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून 'सगळे स्क्रीन स्वस्त झाले' असं सरसकट म्हणता येत नाही. कोणता स्क्रीन, यावर ते अवलंबून आहे.

औद्योगिक डिस्प्ले म्हणजे वेगळं काय असतं?

खूप लोकांना वाटतं, 'इंडस्ट्रियल' हा फक्त किंमत वाढवायचा शब्द आहे. कधीकधी तो तसा वापरलाही जातो. आतला एलसीडी पडदा बऱ्याचदा त्याच तंत्रज्ञानाचा असतो. फरक पडतो तो त्याच्या भोवती: मागचा प्रकाश किती तेज आहे, काच कशी चिकटवली आहे, डब्यात धूळ शिरते का, गरमी किती सोसतो, वीज कोणती लागते, कनेक्टर हलतो का, आणि पाच वर्षांनी तोच स्क्रीन पुन्हा मिळेल का.

यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला फोनमुळे आधीच माहीत आहेत. तीच समज इथे वापरायची.

निट्स: उन्हातला फोन आठवा

दुपारी उन्हात फोन काढला की ब्राइटनेस आपोआप पूर्ण वाढतो. आजचे बरेच फोन अशा वेळी १,००० निट्सच्या वर जातात. निट्स म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक. घरचा साधा टीव्ही किंवा ऑफिसचा मॉनिटर साधारण २५० ते ३५० निट्सचा असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तेवढं पुरतं. पण शेडचं शटर दिवसभर उघडं असेल आणि समोरून उजेड येत असेल, तर तोच स्क्रीन फिकट दिसतो. अशा जागी ५०० ते ७०० निट्स बघा. थेट ऊन पडणार असेल तर १,००० च्या वरच.

फक्त निट्स वाढवूनही भागत नाही. काच आणि पडदा यांच्यामध्ये हवेची फट असली की प्रकाश दोनदा परावर्तित होतो आणि पडद्यात आपलाच चेहरा दिसतो. चांगल्या औद्योगिक स्क्रीनमध्ये ही फट पारदर्शक चिकट थराने भरलेली असते. याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. तुमच्या फोनचा पडदाही साधारण असाच काचेला चिकटवलेला असतो. बाँडिंगमुळे आत वाफ धरून काच धूसर होणंही थांबतं.

आयपी रेटिंग: समोरचं की पूर्ण डब्याचं?

फोनवर 'आयपी ६८' लिहिलेलं तुम्ही पाहिलंय. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ हा सगळ्यात वरचा आकडा, म्हणजे धूळ आत जाणारच नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ बंद आणि पाण्याचा झोतही चालेल.

इथे एक फसवी जागा आहे. पॅनेलवर बसवायच्या मॉनिटरच्या माहितीत 'आयपी ६५' ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'फ्रंट' असतं. म्हणजे फक्त समोरची बाजू सुरक्षित, मागची बाजू उघडी. बंद कॅबिनेटच्या दारात बसवणार असाल तर ते योग्यच आहे, कारण मागची बाजू कॅबिनेट सांभाळतं. पण तोच मॉनिटर भिंतीवर किंवा हातावर मोकळा लावला, तर धूळ मागून शिरते.

आणि धूळ म्हणजे फक्त माती नव्हे. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात, ते जाळीत अडकून हवा बंद करतात. फाउंड्रीत वाळू असते. मशीन शॉपमध्ये लोखंडाचा बारीक चुरा असतो आणि त्यातून वीज वाहते, म्हणजे सर्किटवर बसला की शॉर्ट होऊ शकतं. अशा ठिकाणी पंखा असलेला स्क्रीन किंवा कॉम्प्युटर घेऊ नका. पंखा हवेबरोबर हे सगळं आत ओढतो.

तापमान: फोन गरम झाल्यावर काय होतं?

मे महिन्यात बाइकवर फोन लावून मॅप चालवला की थोड्या वेळाने स्क्रीन मंद होतो. फोन स्वतःला वाचवत असतो. साध्या मॉनिटरच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश सेल्सियस असं लिहिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात बाहेरच ४५ अंश होतात. पत्र्याच्या शेडखाली, भट्टीच्या बाजूला किंवा बंद कॅबिनेटमध्ये त्याहून जास्त. फार तापलेल्या एलसीडीवर काळे डाग पसरतात, कारण आतला द्रव स्फटिक आपलं कामच करू शकत नाही. औद्योगिक स्क्रीन साधारण उणे २० ते ६० किंवा ७० अंशांपर्यंत चालतील असे बनवतात.

उलट बाजूही आहे. नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्याच्या आसपास आणि हवेत भरपूर ओल. तिथे साधा स्क्रीन संथ होतो आणि आत दव धरतं.

टच: हातमोजे आणि कूलंट

फोनचा टच बोटाची विद्युत क्षमता ओळखतो. म्हणूनच पावसाचे थेंब पडले की फोन वेड्यासारखा वागतो आणि हातमोजे घातले की ऐकत नाही. मशीनवर थेंब कूलंटचे असतात आणि हातमोजे काढायचे नसतात. या प्रकारचा टच घ्यायचा असेल तर हातमोज्यांसाठी आणि ओल्या पृष्ठभागासाठी जुळवलेला घ्या, आणि कामगार जे हातमोजे खरोखर वापरतात तेच घालून करून बघा.

दुसरा प्रकार रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने चालणारा. वरचा थर दाबला की खालच्या थराला टेकतो. हातमोजा, पेन, काहीही चालतं. तो जुना वाटतो, दोन बोटांनी झूम होत नाही, वरच्या थरावर ओरखडे पडतात. तरीही तेलकट हातांच्या जागी आजही तोच जास्त भरवशाचा.

आणि एक नियम पक्का: मशीन तातडीने थांबवायचं बटण टचस्क्रीनवर कधीच नसावं. ते लाल, खरं, दाबायचं बटणच पाहिजे.

इंच आणि ४के च्या आधी अंतर मोजा

मी एकदा एका कारखान्यासाठी उत्पादनाचा डॅशबोर्ड बनवला होता. माझ्या लॅपटॉपवर तो फार सुंदर दिसायचा. आलेख, गोल चार्ट, चौदा वेगवेगळे आकडे. शेडमध्ये ५५ इंची ४के टीव्हीवर लावला. महिन्याभराने गेलो, तर सुपरवायझर शेजारच्या फळ्यावर खडूने आकडे लिहीत होते. लाइनवरच्या एका काकांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, ते इथनं नुसतं रंगीत दिसतंय."

चूक टीव्हीची नव्हती, माझी होती. मी अंतर मोजलंच नव्हतं. सोपा नियम असा: अक्षराची उंची अंतराच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी असली तर आरामात वाचता येतं. १० मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर ५ सेंटिमीटर उंच हवं. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंटिमीटर. ओळींमधली जागा धरली तर त्यावर आठ-नऊच ओळी मावतात. मराठीत लिहिणार असाल तर आणखी कमी, कारण वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना जागा लागते.

आता ४के चं बघा. साधारण चांगली नजर १ मीटरवरून ०.३ मिलिमीटरएवढा बारीक तपशील वेगळा ओळखते, म्हणजे १० मीटरवरून ३ मिलिमीटर. ५५ इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका असतो साधारण ०.६ मिलिमीटरचा. म्हणजे त्या अंतरावरून फुल एचडीसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी बारीक आहे. ४के साठी दिलेले पैसे तिथे कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत. तेच पैसे निट्समध्ये घाला. ४के कुठे लागतं? जिथे माणूस हातभर अंतरावर बसून बारीक ड्रॉइंग किंवा कॅमेऱ्यातला दोष तपासतो, तिथे.

मी शेवटी चौदा आकडे काढून तीनच ठेवले: टार्गेट, झालेले, रिजेक्ट. रंगावरच अर्थ अवलंबून ठेवला नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक प्रत्येक मोठ्या शिफ्टमध्ये असू शकतात. आकड्याशेजारी शब्दही लिहिला. फळा त्यानंतर बंद झाला.

किती तास चालणार?

घरचा टीव्ही दिवसातून काही तास चालेल, असं धरून बनवलेला असतो. अनेक कंपन्यांच्या वॉरंटी कार्डवर घरगुती वापराचीच अट असते. कारखान्यात लावलेला टीव्ही बिघडला आणि सर्व्हिसवाल्याने भिंतीवरची जागा पाहिली, तर तो वॉरंटी नाकारू शकतो. म्हणून घेण्याआधी कार्ड वाचा. व्यावसायिक डिस्प्लेवर '१६/७' किंवा '२४/७' असं लिहिलेलं असतं, म्हणजे रोज किती तास चालवायला तो बनवलाय ते.

बॅकलाइटचं आयुष्यही तासांत देतात. ५०,००० तास म्हणजे तेवढ्या वेळाने उजेड अर्धा होतो, लगेच बंद पडत नाही. दोन शिफ्ट, म्हणजे रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर हे १० वर्षांहून थोडं जास्त होतं. चोवीस तास, वर्षभर चालवलं तर पावणेसहा वर्षांच्या आत. आणि हा आकडा साधारण खोलीच्या तापमानाचा असतो. गरमीत आयुष्य घटतं.

ओएलईडी टीव्ही इथे टाळाच. एकच चौकट, एकच लोगो दिवसेंदिवस तसाच राहिला की त्याचा कायमचा डाग उमटतो.

लाइट गेली, आली. मग?

हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास देतो. वीज जाऊन परत आली की बरेच टीव्ही स्टँडबायवर राहतात किंवा होम स्क्रीनवर जाऊन बसतात. मग रिमोट शोधा. तो सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि सुपरवायझर सुट्टीवर. व्यावसायिक आणि औद्योगिक डिस्प्ले वीज आल्यावर आपोआप सुरू होऊन आधीच्याच इनपुटवर येतात किंवा तशी सेटिंग त्यात असते. घेण्याआधी दुकानदारासमोर प्लग काढून परत लावून बघा. फुकटातली परीक्षा आहे.

मशीनच्या पॅनेलमध्ये बहुतेक वेळा २४ व्होल्ट डीसी असतं. तिथे ९ ते ३६ व्होल्ट डीसी घेणारा मॉनिटर थेट जोडता येतो, चार्जरसारखा अडॅप्टर लटकत राहत नाही. वायरचंही तसंच. जुन्या व्हीजीए केबलला दोन्ही बाजूंना स्क्रू होते. एचडीएमआयला नाहीत. पॉवर प्रेसच्या धक्क्यांनी एचडीएमआय हळूहळू सैल होतं आणि 'स्क्रीन गेला' अशी तक्रार येते. लॉक होणारं एचडीएमआय मिळतं, ते मागा. केबल १०-१५ मीटरच्या पुढे न्यायची असेल तर साधी केबल न ताणता लॅन केबलवर चालणारा एक्स्टेंडर वापरा.

जुन्या सीएनसीचा पडदा बदलायचा असेल तर आणखी सावध. ते पडदे ४:३ आकाराचे असतात. त्यावरचं चित्र रुंद मॉनिटरवर ताणलं जातं आणि काही जुन्या मशीनचा सिग्नल आजच्या साध्या मॉनिटरला ओळखताच येत नाही. तिथे मशीनचं मॉडेल सांगूनच पडदा मागवायचा.

स्क्रीनच्या मागे कोण आहे?

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरचे विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. विमानतळांवरचे फलक बंद झाले, भारतात काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्या सगळ्या स्क्रीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. दाखवायला मागे कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

म्हणून पडदा आणि कॉम्प्युटर एकत्र असलेला 'पॅनेल पीसी' घेताना आतलं सॉफ्टवेअर विचारा. साध्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाजारात पडून राहिलेले असे पीसी आता सवलतीत दिसले तर मोहात पडू नका. त्यातच उपकरणांसाठीची 'आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१' ही आवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी, तिला जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. अँड्रॉइड बॉक्स असेल तर आवृत्ती कोणती आणि अपडेट कोण देणार, हे लेखी घ्या. कॉम्प्युटर वेगळा ठेवता आला तर उत्तम: एक बिघडला तर दुसरा फेकावा लागत नाही.

पाच वर्षांनी तोच मिळेल का?

पडदे बनवणाऱ्या जगात गेल्या काही वर्षांत मोठी उलथापालथ झाली. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी बनवणं थांबवलं. जपानमधला शार्पचा साकाईचा मोठा कारखाना २०२४ मध्ये थांबला. एलजी डिस्प्लेचा चीनमधल्या ग्वांगझूचा कारखाना २०२५ मध्ये टीसीएलकडे गेला. मोठ्या एलसीडी पडद्यांचं उत्पादन आता मुख्यतः चीनमध्ये एकवटलंय आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाहेरून आलेल्या पडद्यांची जोडणीच होते.

याचा तुमच्या वर्कशॉपशी संबंध काय? घरगुती टीव्हीचं मॉडेल दरवर्षी बदलतं. तीन वर्षांनी पडदा फुटला तर तोच मिळेल याची खात्री नाही. भिंतीवर टीव्ही असेल तर दुसरा लावता येतो. पण मशीनच्या पत्र्यात ठरावीक मापाचं भोक पाडून बसवलेला पडदा असेल तर नवा त्यात बसत नाही. चांगले औद्योगिक उत्पादक तेच माप आणि तोच कनेक्टर पाच-सात वर्षं देण्याचं आश्वासन देतात. जास्तीच्या किमतीतला मोठा भाग याचा असतो.

मग नक्की काय घ्यायचं?

औद्योगिक मॉनिटर त्याच मापाच्या साध्या मॉनिटरच्या दोन-तीन पट महाग असू शकतो. सगळीकडे तो लावायची गरज नाही. जागेप्रमाणे ठरवा:

१. ऑफिस, पॅकिंगचं टेबल, स्टोअर: सावली, पंखा, कमी धूळ. साधा मॉनिटर पुरतो. वाचलेल्या पैशांत एक जादा घेऊन कपाटात ठेवा. बंद पडला तर दहा मिनिटांत बदलता येतो.

२. शेडमधला आकड्यांचा फलक: व्यावसायिक डिस्प्ले, १६/७ किंवा २४/७, ५०० निट्सच्या आसपास, वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा. फुल एचडी बास.

३. मशीनला चिकटून: इथे पैसे वाचवू नका. आयपी ६५, बिनपंख्याचा, २४ व्होल्ट, हातमोज्यांना चालणारा टच, सुट्या भागांची हमी.

४. रंगाचं शॉप, सॉल्व्हंटची खोली, इंधन: ज्वलनशील वाफ असलेल्या जागी दुकानातला कुठलाच स्क्रीन चालत नाही, अगदी महागडा औद्योगिकसुद्धा. स्फोटप्रतिबंधक उपकरणच लागतं. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची त्याला मान्यता हवी. इथे यूट्यूब बघून निर्णय घेऊ नका, तज्ज्ञाला बोलवा. शक्य असेल तर स्क्रीन त्या खोलीच्या बाहेरच लावा.

विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर हे प्रश्न जसेच्या तसे पाठवा:

- निट्स किती? कायमचे की थोडा वेळ टिकणारे?
- आयपी रेटिंग फक्त समोरचं की पूर्ण डब्याचं?
- किती ते किती तापमानात चालतो?
- रोज किती तासांसाठी? कारखान्यातल्या वापराला वॉरंटी आहे का?
- वीज गेल्या-आल्यावर आपोआप सुरू होतो का?
- हेच मॉडेल किंवा सुटे भाग किती वर्षं मिळतील?
- बिघडला तर माणूस येणार की स्क्रीन कुरिअरने पाठवायचा?

गोलमोल उत्तरं आली तर डेटाशीट मागा. डेटाशीटच नाही म्हणाले, तर पुढच्या विक्रेत्याकडे जा. शिवाय टीव्ही आणि मॉनिटरना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागच्या लेबलवरचा 'आर' ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तुम्ही फोनवरच तपासू शकता.

कधीकधी उत्तर एलसीडी नसतंच

शेवटचं उदाहरण साखर कारखान्याच्या गेटवरचं. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची रांग वजनकाट्यावर लागते. शेतकरी खाली उभा राहून वर बघतो, कारण त्या आकड्यावर त्याच्या वर्षाचे पैसे ठरतात. 'काटा मारला' हा संशय आपल्याकडे जुना आहे. तिथे साधा मोठा टीव्ही लावला, तर दुपारच्या उन्हात आकडा दिसणारच नाही. त्याच जागी लाल एलईडी आकड्यांचा साधा, जाडजूड डिस्प्ले उन्हातही लांबून वाचता येतो, धूळ सोसतो आणि टीव्हीपेक्षा कमी बिघडतो. त्यावर ना ४के आहे, ना ॲप. पाच-सहा आकडे आहेत आणि ते सगळ्यांना दिसतात. (वजनकाटा वैधमापन शास्त्र विभागाच्या पडताळणीखाली येतो, तेव्हा त्याला काहीही जोडण्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला विचारा.)

स्क्रीन विकत घेतो मालक, लिंक पाठवतो आपण, पण त्याच्यासमोर आठ तास उभा राहतो ऑपरेटर. आकडा चुकीचा वाचला गेला किंवा मशीन थांबली, तर बोलणी त्यालाच बसतात. तेव्हा काकांना लिंक पाठवण्याआधी एकदा वर्कशॉपमध्ये जा. दुपारी दोन वाजता, मशीन चालू असताना, ऑपरेटर जिथे उभा राहतो तिथे उभे राहा. टेपने अंतर मोजा, ऊन कुठून येतं ते बघा, आणि त्यालाच विचारा, "तुम्हाला इथून काय दिसायला हवं?" शॉपिंग ॲप त्यानंतर उघडा.